रूथआपा आणि माझा उजवा पाय

फोन आला तेव्हा मी मासळीची आइसबॉक्स डिकीत ठेवत होते. शनिवारची सकाळ, मस्कतमधल्या बौशरच्या आमच्या बिल्डिंगखाली अजून सावली होती आणि मला बरक्याच्या मासळीबाजाराला निघायची घाई. नंबर अमेरिकेचा होता. अमेरिकेहून आपाशिवाय मला कोण फोन करणार, म्हणून उचलल्या उचलल्या मी नेहमीच्या थट्टेने म्हटलं, "आपा, आज सुरमई आणू की बांगडे?" पलीकडे आपा नव्हती, तिची भाची होती. रूथ गेली, झोपेतच गेली, त्रास झाला नाही, असं तिने एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मग विचारलं, "गाडी चालवणाऱ्या शमीम त्या तुम्हीच ना?" मी हो म्हटलं... आणि मला हसू आलं. म्हणजे तिकडे त्यांच्या घरात माझी ओळख ही अशी. हसता हसता रडू कधी सुरू झालं ते माझं मलाच कळलं नाही. वरून गॅलरीतून इक्बाल, माझा नवरा, विचारत होता, "काय गो, निघाली नाहीस अजून?" मी आइसबॉक्स तशीच उघडी टाकून डिकीच्या कडेवर बसून राहिले.

त्याला आता काही आठवडे झाले. रूथ अमेरिकेतली कादंबरीकार होती, आणि त्याहून जास्त वर्षं दुसऱ्यांच्या कादंबऱ्या नीट करून देणारी संपादक. तिच्याबद्दल तिकडचे जाणते लोक लिहितीलच. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी बाई, रत्नागिरीकडच्या मराठी शाळेत शिकलेली, लग्न करून मस्कतला आलेली. साहित्यातलं मला काय कळतंय. पण तिच्या शेवटच्या पुस्तकात माझ्या उजव्या पायाचा हात आहे, असं ती स्वतःच म्हणायची, म्हणून हे चार शब्द.

आमची पहिली भेट दवाखान्यातलीच. एक उंच, सडसडीत, पांढऱ्या केसांच्या अमेरिकन बाई गाल टम्म सुजवून आल्या आणि कोपऱ्यात बसल्या. हातात टाइप केलेल्या पानांचं जाडजूड बाड, कानावर पेन्सिल. डॉक्टरांनी आत बोलावलं तरी उठेनात. मी जवळ जाऊन हाक मारली तर मान वर न करता म्हणाल्या, "एक मिनिट, हा माणूस मरतोय." मी दचकून वेटिंग रूममध्ये सगळ्यांकडे बघितलं. सगळे ठणठणीत होते. तेव्हा त्यांनी पेन्सिलीने पानावर ठोकलं आणि सुजलेल्या तोंडाने म्हणाल्या, "हा इथला. आणि मरायला फार पानं घेतोय." दात काढून बाहेर आल्यावर कापसाचा बोळा दाताखाली धरून त्या माझ्याशी बोलत बसल्या. तुम्ही वाचता का? मी म्हटलं, मराठीत वाचते, इंग्लिशमध्ये फक्त इन्शुरन्सचे फॉर्म. त्यावर अशा खूश झाल्या की जणू मी मोठी पदवीच सांगितली.

घर आमच्याच गल्लीत, समोरच्या बिल्डिंगमध्ये निघालं. नवरा भूगर्भशास्त्रज्ञ. ओमानच्या डोंगरांतले दगड म्हणजे त्याचा जीव की प्राण. निवृत्त झाल्यावर तो दगडांमागे आणि ही त्याच्यामागे, अशी दोघं इथे येऊन राहिली. तो गेल्यावर सगळे म्हणाले, आता परत चल. ती गेली नाही. "तिकडे मी म्हातारी विधवा असेन," ती मला एकदा म्हणाली, "इथे मी नुसती परदेशी आहे. ते बरं." गाडी तिला येत नव्हती. नवरा होता तेव्हा तो दर आठवड्याला बरक्याच्या मासळीबाजारात घेऊन जायचा, तेवढं एक तिला चुकल्यासारखं वाटायचं. मी म्हटलं, मी जातेच दर शनिवारी, चला की. पुढच्या शनिवारी ती खाली हजर. उंच बाई, पाय मावेनात, म्हणून शेजारची सीट तिने पार मागे ढकलली आणि मांडीवर ते बाड ठेवलं. महिनाभरात मी तिला आपा म्हणायला लागले. मोठ्या बहिणीला म्हणतात, असं सांगितल्यावर तिने ते शेजारीपाजारी सगळ्यांना ऐकवलं. आणि आपा म्हटल्यावर अहोजाहो कसलं, ती माझ्या तोंडी 'ती' झाली.

गाडीत ती मोठ्याने वाचायची. सवयच होती तिची. कुणाची कादंबरी दुरुस्त करायची तर आधी ती कानांनी ऐकायची. मला वाटलं, मी आपली निमित्तमात्र. समजलं तर समजलं, नाही समजलं तर समोर रस्ता आहेच. बरेच शनिवार झाले आणि एकदा माझ्या लक्षात आलं की ही वाचता वाचता पानाकडे कमी आणि माझ्या पायाकडे जास्त बघतेय. मला चप्पल बदलायला हवी होती की काय असं वाटलं. विचारलं तर म्हणाली, "तुला माहीत नाही? गोष्ट चांगली असली की तू हळू चालवतेस. कंटाळा आला की पाय दाबतेस आणि ओव्हरटेक करतेस." मी म्हटलं, काहीतरीच. तिने बाड पुढे केलं. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं... इथे ट्रक मागे टाकला. इथे पाण्याचा टँकर. इथे एसी वाढवला. इथे जवळजवळ थांबली. मी कपाळावर हात मारून घेतला. "आपा, मला विचारायचं तरी. मी सांगितलं असतं कसं वाटतं ते." ती म्हणाली, "तू छान आहे म्हणाली असतीस. सगळे मला छानच म्हणतात. तुझा पाय मला खूश करायला बघत नाही."

झालं. तेव्हापासून न्यूयॉर्कमधल्या लेखकांना बरक्याच्या रस्त्यावरून शेरे जायला लागले. एक फार नावाजलेले गृहस्थ म्हणे भयंकर चिडले, की माझ्या सर्वोत्तम प्रकरणात ही कोण ओमानमधली बाई तीन ट्रक मागे टाकते? आपाने कळवलं की चौथाही टाकला असता, पण राउंडअबाउट आला. एका तरुण लेखिकेने मात्र सगळं बदललं, आणि पुस्तक आलं तेव्हा शेवटी आभाराच्या पानावर छापलं होतं, शमीमचे आणि तिच्या उजव्या पायाचे. मी ते पान घेऊन घरभर नाचले. इक्बालने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाला, "पायाचं नाव आहे, गाडीचं नाही. गाडी माझ्या नावावर आहे." त्याची आठवडाभर समजूत घालावी लागली.

बाईला संपादनाची इतकी सवय की साधं बोलणंही सोडायची नाही. एकदा मी तिला माझ्या लग्नात झालेला गोंधळ सांगत होते. गाव कुठलं, सासरे काय करायचे, चुलत सासरे त्यांच्याशी का बोलत नव्हते, मांडव कुणी घातला... बरका जवळ आलं तेव्हा कुठे मी सांगितलं की निकाहाच्या सकाळी शेजारच्यांची बकरी मांडवात शिरली आणि इक्बालचा सेहरा खाऊन गेली. निम्मा खाल्ला, निम्मा तोंडात घेऊन पळाली, आणि नवरदेव तिच्यामागे. आपा इतकी हसली की डोळे पुसायला लागली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "शमीम, तुझी गोष्ट बकरीपासून सुरू होते. त्याआधीचं सगळं काढून टाक." मी म्हटलं, चुलत सासरे काढले तर ते याही घरात यायचे बंद होतील. पण ते वाक्य आमच्याकडे राहिलं ते राहिलंच. इक्बाल दुकानातलं रडगाणं लांबवायला लागला की मुलगी सना म्हणते, "अब्बू, बकरी." सनाचं मराठी म्हणजे शाळेत सगळं इंग्लिश, घरी आमच्याशी अडखळत अडखळत, पण हा एक शब्द अगदी वेळेवर येतो.

बाजारात ती वेगळीच रंगायची. सुरमईला इथे कनद म्हणतात, ते तिला माझ्याआधीपासून माहीत. कल्ला उघडून बघायला मात्र मी शिकवलं. मासेवाले तिला लांबूनच हाक मारायचे. ती प्रत्येकाला घरचं विचारायची, मोडक्या अरबीत, आणि तो सांगत सुटला की मला डोळ्याने खुणावायची... बघ, हा बरोबर बकरीपासून सुरू करतोय. घरी येऊन ती बांगडे मक्याच्या पिठात घोळून तळायची, तिच्या आईसारखे. मक्याच्या शेतांनी वेढलेलं तिचं गाव, समुद्र हजार कोस लांब, तिथे आई नदीतले मासे असे करायची म्हणे. मी तिच्या नकळत पिठात कोकमाचं आगळ घातलं. पहिला घास खाऊन तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. म्हणाली, "आईला हे सुचायला हवं होतं."

एवढी वर्षं तिच्याबरोबर फिरले, पण ती स्वतः कादंबऱ्या लिहिते हे मला तिने सांगितलं नव्हतं. सनाने इंटरनेटवर शोधून काढलं. मी विचारलं तेव्हा उडवूनच लावलं. पहिली लोकांना आवडली, दुसरी कुणी वाचली नाही, खलास. मग पोटापाण्यासाठी प्रकाशकाकडे प्रुफं तपासायला बसली आणि तिशी-पस्तिशीतली ती बाई हळूहळू दुसऱ्यांच्या पुस्तकांची डॉक्टर होऊन गेली. तिच्या हातून गेलेली पुस्तकं तिकडे गाजायची आणि ती मागे उभी राहून टाळ्या वाजवायची. त्यात तिला कमीपणा नव्हता, मनापासून वाजवायची. पण एका शनिवारी, घाटातून खाली उतरावं तशी सावकाश, तिने सांगितलं की एक अजून लिहायचंय. एकच, स्वतःचं. नवरा गेल्यापासून ते चाललंय आणि जमत नाहीये.

मला वाटलं, असेल कधीतरी. त्यानंतर काही आठवड्यांनी तिने एक नवीन बाड आणलं. कुणाचं ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वाचायला लागली. एका गावाचा इतिहास, मग मका, मग गावातल्या चर्चचा इतिहास, मग परत मका. वाक्यं अशी गुळगुळीत की कान कुठे अडकेच ना. मी ट्रक टाकले, बस टाकली, आणि शेवटी वेग मोजणाऱ्या रडारचा फ्लॅश लख्खकन डोळ्यांवर आला. इक्बालच्या नावावरची गाडी, म्हणजे संध्याकाळी दंडाचा मेसेज त्यालाच. आपाने पान अर्ध्यात मिटलं. बाजारात तिने त्या दिवशी एकही मासा घेतला नाही.

घरी येऊन मी इक्बालला सांगितलं तर तो म्हणाला, "अगो, ते तिचंच असणार." तशीच समोरच्या बिल्डिंगमध्ये गेले. दार उघडलं तिने. मी म्हटलं, "आपा, ते तुझं होतं?" म्हणाली, होतं. "मग सांगायचं नाही का गं, मी हळू चालवली असती." "म्हणूनच सांगितलं नाही," ती म्हणाली आणि मला आत घेऊन चहा टाकला. गोष्ट तिच्या आईची होती. आई त्या मक्याच्या गावात शाळेची बस चालवायची. एकदा बर्फाच्या वादळात बस अडकली, आत पोरं, आणि बाहेर काहीच दिसेना. मी विचारलं, मग बस कुठंय पुस्तकात? शेवटी येते, ती म्हणाली. तिथपर्यंत जायचा धीर होत नाही म्हणून आधी गाव लिहिते, मका लिहिते, ते इतकं घासते की त्यात काही उरतच नाही... दुसऱ्यांची पुस्तकं दुरुस्त करणारा हात स्वतःच्या पुस्तकावर फिरला की सगळं सपाट होतं. मला तिची इतकी माया आली. आणि मग मला रागही आला. सगळ्या जगाला शहाणपण शिकवणारी बाई. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "आपा, तुझी बकरी बसमध्ये बसलीय आणि तू चर्चमध्ये काय करतेस?"

ती एवढी हसली की चहा सांडला. दुसऱ्या दिवशी ते बाड तिने खाली कचऱ्यात नेऊन टाकलं, मी गॅलरीतून बघितलं, आणि नव्याने सुरुवात केली. आता पहिल्याच पानावर बस निघते. शनिवारी ती थोडंच वाचायची, दोन-तीन पानं, आणि मी काय सांगू, पहिल्यांदा बर्फ पडायला लागला तेव्हा बाहेर अंगाची लाही होत होती आणि मी एसी बंद केला. माझं माझ्या लक्षातही नाही. आपाने समासात लिहिलं, एसी बंद, आणि लहान मुलीसारखी खिडकीतून बघत हसत बसली. आयुष्यात बर्फ बघितला नाही मी, फ्रीजरमधला सोडून.

मग तिचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, भाचीने तिकडे बोलावलं, तिकीटही पाठवलं. आपा म्हणाली, शेवटचं प्रकरण झाल्याशिवाय जाणार नाही. भाची माझ्याकडे तक्रार करायची, मी आपाकडे करायची, आणि आपा म्हणायची, इन्शाल्ला, या शनिवारी. थकत चालली होती. पण भीती तिला दुखण्याची नव्हती. "हा शेवट तुझ्या पायाला पटला नाही," ती म्हणाली, "तर परत लिहायला मला वेळ नाही. आणि तू मुद्दाम हळू चालवलीस तर मला कळेल." मी अल्लाची शपथ घेतली की पाय पायाचं करेल.

तो शनिवार. मी तिला हात धरून गाडीत बसवलं. वाचायला लागली. बस अडकलीय, थंडी वाढतेय, पोरांना झोप येतेय आणि झोपू द्यायचं नाहीये. बसवाली आई गोष्ट सांगायला लागते. तिला गोष्टी येत नाहीत, एकच येते, तीही अर्धी. पण बर्फ काढणारी गाडी येईपर्यंत ती संपवायची नाही, म्हणून ती एकात एक घालत जाते. घरची गाय, शेजारीण, मेलेला कुत्रा, जे सुचेल ते. आपाचा आवाज थकलेला होता आणि ती थांबत नव्हती. मागून हॉर्न वाजत होते. मी उजव्या, म्हणजे इथल्या हळू गाड्यांच्या लेनमध्ये, आणि ट्रक मला मागे टाकून जात होते... दगडांनी भरलेले ट्रक, मला. बरक्याचा फाटा कधी गेला ते मला खरंच कळलं नाही. पुढचा फाटा आला तो कळला. म्हटलं, इथे वळू. पण आई तेव्हा गाईपर्यंत आली होती. त्याच्या पुढच्याला म्हटलं, आता वळू. तोपर्यंत एक पोरगी रडायला लागली होती. मग मी वळायचा विचारच सोडला. शेवटचं पान बरक्याच्या कितीतरी पुढे, खाबुऱ्यात संपलं. गाडी बाजाराच्या कडेला एका झाडाखाली लावली आणि दोघी बसून राहिलो. मी पदराने, म्हणजे ओढणीने, तोंड पुसत होते. आपाने बाहेरच्या पाट्या वाचल्या आणि विचारलं, "हे कुठलं गाव?" मी सांगितलं. तिने पेन्सिल काढली, शेवटच्या पानाच्या समासात लिहिलं, खाबुरा, आणि त्याखाली जोरात रेघ मारली. एवढी आनंदी मी तिला कधी बघितली नव्हती.

तेवढ्यात इक्बालचा फोन. कुठे आहात? मी म्हटलं, खाबुऱ्यात. "खाबुऱ्यात कशाला?" म्हटलं, गोष्ट संपायची होती. तो म्हणाला, "बरं झालं. यल्ला, चला, मासे तिथूनच घ्या, आणि आपाला विचार, माझं नाव कुठे येणार?" ते आलंय. आभाराच्या पानावर गाडीच्या मालकाचं नाव सगळ्यात वर आहे. तिकडच्या प्रकाशकाने नंतर कळवलं होतं म्हणे, की शेवटचं प्रकरण लांबलंय, गाय काढली तर बरं. आपा तोवर भाचीकडे गेली होती, तिथल्या रुग्णालयातून तिने उत्तर पाठवलं, गाईला हात लावायचा नाही, तिच्यासाठी आम्ही बरका सोडलं. पुस्तकाची पहिली प्रत तिने हातात घेतली, असं भाची म्हणाली. माझी प्रत मागाहून आली. गाय आहे.

गेल्या शनिवारी सना म्हणाली, अम्मी, आज मी चालवते. तिला लायसन्स मिळून थोडेच दिवस झालेत. मी शेजारी बसले. सीट अजून आपाने ढकलली होती तिथेच, पार मागे. मी बुटकी, पाय अधांतरी लोंबकळत होते, पण पुढे ओढली नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहिलेली ही पानं पर्समध्ये होतीच. म्हटलं, ऐकतेस का? आणि मोठ्याने वाचायला लागले, मराठीत. नजर तिच्या पायावर. सुरुवातीला मी रत्नागिरीची शाळा, लग्न, मस्कतला आल्याचे दिवस असं बरंच लिहिलं होतं, चांगली चांगली वाक्यं होती. सनाने एक ट्रक टाकला. मग दुसरा. मी पर्समधून पेन काढलं आणि ती पानं काढून टाकली, म्हणून ती तुमच्यापर्यंत आली नाहीत. दातांच्या दवाखान्याचा प्रसंग आला तशी गाडी थोडी सावकाश झाली. बसच्या बर्फापाशी तिचा हात एसीकडे गेला. मी वाचत राहिले. मागून हॉर्न वाजला, बरक्याची पाटी डोक्यावरून गेली, तिने इंडिकेटर दिला नाही. मीही दिसल्याचं दाखवलं नाही. वाचून संपलं तेव्हा दोन्ही बाजूंना खजुराच्या बागा होत्या. मी पानं घडी करून पर्समध्ये ठेवली. सनाने माझ्याकडे बघितलं, परत पर्सकडे बघितलं.

"संपलं?"

"संपलं."

"पण अम्मी," ती अडखळत म्हणाली, "खाबुरा... अजून आला नाही."

मग मी बकरीपासून सुरुवात केली.